दोराच्या शेवटी उभा असलेला कप्तान

सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकाजवळच्या फळ्यावर रस्सीखेचीच्या संघाची यादी लागली, आणि सांडशी रेघेच्या खाली गेला होता. वर आठ खेळाडू, मग आडवी रेघ, मग "राखीव" आणि त्याच्यापुढे सांडशी. एकोणीस वर्षं दोराच्या पुढच्या टोकाला उभा राहिलेला माणूस. महिन्याअखेर तो निवृत्त होणार होता, म्हणजे येत्या रविवारचा सामना हा त्याचा शेवटचा. आणि तो त्यानं बाकावर बसून बघायचा असं ठरलं होतं. ठरवणाऱ्याला जाब विचारायला कुणी गेलं नाही. ठरवणारा पहाड होता, आणि पहाडशी बोलायचं तर आधी मान वर करावी लागे.

पहाड उंचीला सहा फूट तीन इंच, वजनाला एकशे अठरा किलो. कारखान्यात ठोकून तयार झालेले लोखंडी दांडे आणि आस ट्रकवर चढवून बाहेर पाठवायचे, त्या गोदामाचा तो मुकादम. वर काचेच्या खोलीत क्रेनवाला बसायचा आणि खालून पहाड ओरडायचा, "हळू, हळू, अजून बोटभर, सोड." फाटकाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो दुकानदार म्हणायचा, तुमच्याकडे ट्रक भरायला लागला की मला इथं बसून कळतं, आणि शेवटचा दांडा कुठं ठेवलात तेही कळतं.

लहानपणापासून पहाडचं असंच. तिसरीत असताना तो गुरुजींच्या खांद्याला लागला, तेव्हा त्याला वर्गाचा मॉनिटर केलं. का, तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्याचाच हात पोचायचा. वडील शिंपी होते आणि अंगानं इतके किरकोळ की मुलाच्या शर्टाचं कापड मोजताना उसासा टाकून म्हणायचे, "यात माझे दोन झाले असते." कुणाचं कपाट हलवायचं असो, की कुणाचं भांडण सोडवायचं असो, बोलावणं पहाडला. भांडण सोडवताना बोलायचीसुद्धा गरज नसे, नुसतं जाऊन उभं राहिलं की काम फत्ते. अशा माणसाची एक पंचाईत होते. लोक आपल्याकडे बघतात, तर आपलं ऐकतातही, असं त्याला वाटायला लागतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पहाडला चाळिशी उलटली तरी ठाऊक नव्हतं, आणि सांगायला कुणी धजावत नव्हतं.

कप्तानही तो असाच झाला. चौदा वर्षांपूर्वी क्रीडा समितीचे साहेब नवे खेळाडू बघायला मैदानात आले, पहाडच्या पोटापासून डोक्यापर्यंत नजर नेत गेले आणि म्हणाले, "हाच कप्तान." झालं. बाकीचे सात जण हॅमर शॉपमधले, म्हणजे जिथं लालबुंद लोखंडावर दिवसभर यंत्राचे हातोडे पडतात तिथले. मुळातच कमी बोलणारी माणसं. त्यांनी माना डोलावल्या. पहाड दोराच्या शेवटी उभा राहिला, दोर खांद्यावरून पाठीवर घेतला, आणि पहिल्याच सामन्यात "ओढ" म्हणून अशी गर्जना केली की समोरचा एक गडी दचकून घसरला. त्या वर्षी ते जिंकले. नंतरच्या तेरापैकी आठ वर्षं जिंकले. पहाड घरी येऊन म्हणायचा, "सगळा आवाजाचा खेळ आहे." बायको म्हणायची, "तो घरात नका खेळू म्हणजे झालं."

सांडशीला वगळण्यामागचं गणित साधं होतं. गेल्या वर्षी नदीपलीकडच्या कारखान्यानं त्यांना हरवलं, कारण पलीकडचे गडी वजनदार. आणि आपल्या पुढच्या टोकाला कोण, तर अठ्ठावन्न वर्षांचा, चोपन्न किलोचा, गुडघ्यांतून बाहेर वाकलेल्या पायांचा म्हातारा. हॅमर शॉपमध्ये तापलं लोखंड सांडशीत पकडून हातोड्याखाली फिरवायचं काम करायचा, म्हणून त्याला सांडशी म्हणत. त्याच्या जागी पहाडनं आपल्याच गोदामातला एकशे पाच किलोचा एक तगडा गडी घेतला. त्याला सगळे रणगाडा म्हणत, आणि ते त्याला आवडायचं. एकदम एकावन्न किलो वाढले. कागदावर यात चूक काढून दाखवा.

चूक त्याच संध्याकाळी दिसली. गोदामाच्या मागं एका लोखंडी खांबावर कप्पी बसवली होती. तिच्यावरून दोर जायचा आणि त्याच्या टोकाला सहाशे किलोचा बिडाचा ठोकळा लटकायचा. आठ जणांनी ओढला की ठोकळा हळूहळू वर चढत खांबावरच्या पांढऱ्या खुणेपर्यंत जायचा. वर्षानुवर्षं जात आला होता. त्या दिवशी पहाडनं गर्जना केली, आणि ठोकळा वीतभर उचलला आणि धाडकन खाली आला. पुन्हा गर्जना, पुन्हा वीतभर. समोर सात पाठी होत्या आणि त्या सात निरनिराळ्या वेळी मागं झुकत होत्या. एक ओढत असताना दुसरा श्वास घेत होता. पहाडनं आवाज चढवला. ठोकळा ढिम्म.

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. सायकलवाल्यानं विचारलं, काल काही अपघात झाला का हो, फार आरडाओरडा ऐकू येत होता.

"मुद्दाम करतायत," पहाड घरी येऊन बायकोला म्हणाला. "त्या म्हाताऱ्याला काढलं म्हणून सगळ्यांनी असहकार पुकारलाय. तोंडानं एक शब्द नाही. नुसते माझ्याकडे बघत राहतात."

"मग विचारा की त्यांना."

"मी कप्तान आहे. मी का विचारू?"

गुरुवारी कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सनं त्याला बोलावलं. बाई शिस्तीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांच्या टेबलावर सात कागद पसरलेले होते आणि प्रत्येकावर एक रेघ डावीकडून उजवीकडे घसरत गेलेली होती.

"तुमच्या संघातले हे हॅमर शॉपचे सात जण," नर्स म्हणाल्या. "परवा सगळ्यांचे कान तपासले. ही रेघ वर असायला पाहिजे. बघा कुठं गेलीय ती."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू येत नाही. सातही जणांचे कान अधू झालेत. कुणाचे कमी, कुणाचे जास्त. सांडशींचे तर गेल्यातच जमा. आणि हे काही आजचं नाही, दहा-पंधरा वर्षांचं असणार. हातोड्याजवळ उभं राहायचं आणि कानात काही घालायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? तुम्ही जरा समजावा त्यांना. तुमचं ऐकतात म्हणे ते सगळे."

पहाड खुर्चीत बसला होता तसाच राहिला. काही क्षण त्याला नर्सचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द डोक्यात शिरत नव्हते. दहा-पंधरा वर्षं. तो चौदा वर्षं ओरडत होता. दरवर्षी सामन्याआधी आठवडाभर मधाचं पाणी पीत होता, थंड काही घशाखाली उतरू देत नव्हता.

"पण ते बोलतात माझ्याशी," तो म्हणाला. "उत्तरं देतात."

"समोरून बोलता तेव्हा ओठ बघून देत असतील. तरबेज असतात हे लोक. पाठीमागून हाक मारून बघा एकदा."

त्यानं बघितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सहा नंबरचा गडी पाठमोरा बसून जेवत होता. पहाड त्याच्यामागं चार हातांवर उभा राहिला आणि त्यानं सामन्यात देतो तशी, पोटातून, "ओढ" म्हणून आरोळी ठोकली. वाढणाऱ्या बाईच्या हातातला डाव खाली पडला. हिशेबनीस खुर्चीतून अर्धा उठला. सहा नंबरच्या गड्यानं शांतपणे घास तोंडात टाकला आणि समोरच्यांचे चेहरे बघून मग, कुठं काय झालं म्हणून, मागं वळून बघितलं. कप्तानाला बघून तो हसला आणि त्यानं शेजारची खुर्ची ओढून दिली.

पहाड त्या खुर्चीत बसला नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी गेला. नोकरीत त्यानं अशी रजा आधी कधी टाकली नव्हती. बायको दार उघडून बघतच राहिली.

"तुझ्या फोनमध्ये सामना आहे ना? दोन वर्षांपूर्वीचा, जिंकलेला?"

बायको दरवर्षी सामन्याचं चित्रण करायची, नवऱ्याचा हट्ट म्हणून. नवरा ते बघायचा तेव्हा अर्थातच स्वतःला बघायचा. त्या दुपारी त्यानं पहिल्यांदा दोराचं दुसरं टोक बघितलं. बायकोनं चित्र अगदी सावकाश चालेल असं केलं आणि दोघं पलंगाच्या कडेला बसून त्या छोट्या काचेत डोकं घालून बसली.

सगळ्यांत पुढे सांडशी. फताडे पाय रोवलेले, पाठ ताणलेली. त्याचा डावा खांदा दोन बोटं खाली आला. त्याच्या मागच्यानं ते बघितलं आणि त्याचा खांदा खाली आला. मग तिसऱ्याचा, चौथ्याचा. सात पाठी एका दमात मागं झुकल्या, दोर हललासुद्धा, आणि मग, सगळ्यांत शेवटी, पहाडचं तोंड उघडलं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

बायकोनं पुन्हा लावलं. पुन्हा खांदा, पुन्हा पाठी, पुन्हा दोर, आणि मग तोंड. अकरा वेळा ओढलं होतं त्या डावात. अकराही वेळा तोंड शेवटी उघडलं होतं.

आतापर्यंत पहाडला वाटत होतं की आपलं ओरडणं वाया गेलं, एवढंच. ते दुःख पचवता आलं असतं. हे भलतंच होतं. तो स्वतःसुद्धा त्या चोपन्न किलोच्या म्हाताऱ्याच्या खांद्याकडे बघूनच ओरडत होता. सात पाठी झुकायला लागल्या की त्याच्या छातीतून हाक आपोआप निघायची, आणि हाक निघाली म्हणून पाठी झुकल्या असं त्याला चौदा वर्षं वाटत आलं होतं. एवढा मोठा माणूस, पण त्याला घोटभर पाणी मागायला आवाज फुटेना.

"तुला माहीत होतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मी चित्रण करायचे, बघायचे कुठं?" बायको म्हणाली. मग फोन बाजूला ठेवून, "तुम्हाला काय बरं वाटत नाही का?"

शुक्रवारी संध्याकाळी तो सांडशीच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बेल दाबली तर आत आवाज झाला नाही, दारावरच्या काचेतून एक पिवळा दिवा लागलेला दिसला. सांडशीच्या बायकोनं दार उघडलं आणि पाहुण्याला बघून ती नकळत चौकटीकडे बघायला लागली. पहाड सवयीनं वाकून आत आला. सांडशी मटार सोलत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग, ना नवल.

पहाड खाली मान घालून बोलायला लागला. चूक झाली, काका, मला माहीत नव्हतं, मी आंधळा होतो, असं बरंच काही. सांडशीनं हात पुढं करून एका बोटानं त्याची हनुवटी वर उचलली.

"वर बघून बोल," तो म्हणाला. बहिऱ्या माणसांचा असतो तसा त्याचा आवाज सपाट आणि जरा मोठा होता. "मला काहीच कळलं नाही."

पहाडला सगळं पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं. दुसऱ्यांदा ते अर्ध्या वेळात झालं.

"त्यात काय एवढं," सांडशी म्हणाला. "हातोड्याखाली बोलून भागत नाही. मी लोखंड फिरवतो, मान हलवतो, मग वरचा माणूस हातोडा सोडतो. माझी मान चुकली तर कुणाचा तरी हात जाईल. ही सगळी पोरं माझ्या मानेकडे बघत कामाला लागली. मैदानात पाठीमागून मान नीट दिसत नाही, म्हणून खांदा."

"आणि तुम्ही कुणाकडे बघता?"

"समोरच्याच्या गळ्याकडे. तो श्वास आत घ्यायला लागला की इथं खळगा पडतो." सांडशीनं स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवलं. "तेवढा वेळ त्याच्यात जोर नसतो. तेवढ्यात ओढून घ्यायचं. शिकायला चार-पाच वर्षं गेली. पण नुसतं ओढून काय होतंय, मागं जर तू..."

"मागचं सोडा, काका," पहाड म्हणाला. "मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?"

सांडशी मटाराचे दाणे बोटांनी सारखे करत राहिला. "तू विचारलं नाहीस. आणि ओरडण्यानं काही बिघडत नव्हतं. तू ओरडलास की समोरचे बिचकायचे. आपल्याला काय, ऐकूच येत नव्हतं." तो हसला. मग म्हणाला, "उद्या सरावाला सगळे बसू. काय करायचं ते मिळून ठरवू. अजून एक दिवस आहे."

पहाड हो म्हणाला. अगदी मान हलवून हो म्हणाला. पण जिना उतरता उतरता त्याच्या मनात एक थोर कल्पना आली, आणि थोर कल्पना आली की हा माणूस कुणाला विचारत नसे. नियम असा होता की यादी लागल्यावर बदल नाही. फक्त कुणी दुखणाईत झाला तर राखीव खेळाडू वर येणार. म्हणजे सांडशीला शेवटचा सामना मिळायचा तर कुणीतरी बाहेर जायला हवं. रणगाड्याचा काय दोष? दोष कप्तानाचा. कप्तानानं जावं. शेवटच्या जागी रणगाडा उभा राहील, वजनदार आहेच. आणि तसाही मी तिथं नुसता ओरडतच होतो की. या विचारानं पहाडला रडू आलं, आणि रडता रडता बरंही वाटलं. आपण फार मोठं काही करतोय असं वाटल्याशिवाय या गृहस्थाला चैन पडत नसे, मग ते हाका मारणं असो की बाजूला होणं.

शनिवारी सकाळी क्रीडा समितीच्या साहेबांच्या टेबलावर त्यानं कागद ठेवला. "कंबर धरली आहे. खेळू शकत नाही." साहेबांनी त्याच्याकडे वर बघितलं, हळहळले आणि सही केली. संध्याकाळी तो सरावाला गेला नाही. जाऊन काय सांगायचं? त्याला सगळ्यांना रविवारी थक्क करायचं होतं.

थक्क झाले खरे. रविवारी मैदानात उतरल्यावर साहेबांनी सांडशीला पुढच्या टोकाला जायला सांगितलं, आणि रणगाड्याला मागच्या. सातही जणांनी एकदम मागं वळून बघितलं. मागं पहाड नव्हता. पहाड चुन्याच्या रेघेबाहेर, बायकोशेजारी, हात मागं बांधून उभा होता आणि डोळे भरून आपला संघ बघत होता. सांडशीनं भुवया उंचावून, काय हे, असं हातानं विचारलं. पहाडनं नुसता हात वर केला, खेळा, खेळा. मग पंचांनी निशाण खाली केलं.

पहिल्यांदाच तो हे बाहेरून, कडेनं, नीट बघत होता. सांडशीची नजर समोरच्याच्या गळ्यावर खिळली. खांदा खाली आला. पाठी झुकल्या. दोर हातभर आला. पहाडच्या अंगावर काटा आला, एवढं ते देखणं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी तो हातभर दोर परत गेला.

पुन्हा खांदा, पुन्हा हातभर, पुन्हा परत. पहाडला कळेना. मग त्याची नजर शेवटच्या टोकाकडे गेली. रणगाडा ओढत होता. जीव खाऊन, लालबुंद होऊन, सगळ्यांच्या बरोबरीनं ओढत होता, आणि सगळे श्वास घ्यायला थांबले की तोही थांबत होता. शेवटच्या माणसानं ओढायचं नसतं. पुढच्यांनी मिळवलेला दोर त्यानं अंगावर घ्यायचा, टाचा रुतवायच्या आणि सगळं वजन मागं टाकून पडून राहायचं, म्हणजे बाकीच्यांना श्वास घेता येतो. पहाड हे चौदा वर्षं करत होता. कुणी शिकवलं नव्हतं, अंगानंच ते शिकून घेतलं होतं. त्याला ते काम वाटतच नव्हतं. त्याला काम वाटत होतं ते ओरडणं.

पहिला डाव गेला. तीनपैकी दोन जिंकायचे होते. पहाड रेघ ओलांडून आत धावला. "मी येतो," तो पंचांना म्हणाला. "मला काही झालेलं नाही. मी खेळतो."

पंचांनी हातातला कागद बघितला. "तुमची कंबर धरलीय."

"नाही धरली. खोटं लिहिलंय मी."

"मग आता खरं लिहा आणि पुढच्या वर्षी या," पंच म्हणाले आणि त्यांनी त्याला रेघेबाहेर पाठवलं.

रणगाड्याला ते दोन मिनिटांत सांगणार कसं? पहाडनं रेघेबाहेरून ओरडून सांगायचा प्रयत्न केला, "ओढू नको, धर, पडून राहा." रणगाड्याचे कान शाबूत होते. पण आपल्या मुकादमाची आरोळी ऐकली की जोर लावायचा एवढंच त्याला माहीत, म्हणून त्यानं आणखी जोर लावला. दुसरा डाव चाळीस सेकंदांत संपला. आठही जण तोंडावर पडले. सांडशी सगळ्यांत पुढे, म्हणून तो सगळ्यांत लांब फरफटत गेला.

बायकोनं फोन खाली केला.

सांडशी उठला, गुडघे झटकले आणि सरळ त्याच्याकडे आला. मागून बाकीचे सहा जण. रणगाडा लांब मैदानातच बसून राहिला होता. ते सहा जण येऊन अर्धगोल करून उभे राहिले, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल असे.

"कंबर कशी आहे?" सांडशीनं विचारलं.

"ठीक आहे." पहाडनं मान वर ठेवून सांगितलं.

"मग?"

"तुम्हाला तुमची जागा मिळावी म्हणून. शेवटचा सामना तुमचा. मला वाटलं, माझा तसाही काही उपयोग नाही."

"मी माझी जागा मागितली होती?"

पहाडनं मान हलवली, नाही.

"मी म्हटलं होतं, सगळे बसू. काल आम्ही सात जण तासभर तुझी वाट बघत बसलो. रणगाडा पण होता. तो स्वतःहून म्हणाला, माझी कंबर धरली असं लिहा." सांडशीनं मैदानात बसलेल्या रणगाड्याकडे बोट केलं. "यादीतून काढलंस तेव्हा विचारलं नाहीस. परत घेतलंस तेव्हाही नाही. आम्हाला ऐकू येत नाही हे खरं आहे. पण तुला काय झालंय?"

हे इतकं सरळ होतं की पहाडला ते अंगावर आदळल्यासारखं झालं. एकोणीस वर्षं पुढच्या टोकाला उभ्या राहिलेल्या माणसाचा शेवटचा सामना तोंडावर पडून संपला होता, आणि पाडणारा समोरचा संघ नव्हता. पहाड गवतावर खाली बसला. बसल्यावर पहिल्यांदाच त्याला सगळ्यांकडे मान वर करून बघावं लागलं.

"काका तर आता जाणार," तो सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला. "पुढच्या वर्षी पुढे कोण? तुम्ही सांगा."

सगळ्यांनी पाच नंबरच्या गड्याकडे बोट केलं. विचार करायला एक क्षणही कुणी घेतला नाही. म्हणजे हे कधीचं ठरलेलं होतं. पाच नंबर मध्यम बांध्याचा, जरा पोक काढून उभा राहणारा माणूस. नऊ वर्षं संघात होता, आणि सरावाची वेळ सोडून त्याच्याशी आपण काय बोललो ते पहाडला काही केल्या आठवेना.

"तू?" पहाड म्हणाला. "बरं. मग मी काय करू ते सांग."

पाच नंबर खाली उकिडवा बसला, तोंडासमोर तोंड येईल असा. बोलायला त्याला जड जात होतं. त्यानं उजव्या कानात करंगळी घातली आणि आतून कापसाचा एक बोळा काढून तळहातावर ठेवला.

"दादा, माझा हा एक कान चांगला आहे," तो म्हणाला. "तुम्ही ओरडता ते मला स्पष्ट ऐकू येतं. पण ते नेहमी उशिरा येतं आणि माझा ताल चुकतो. म्हणून सामन्याच्या दिवशी मी हा बोळा घालतो. आज तुम्ही नव्हता, तरी सवयीनं घातला."

पहाड त्या बोळ्याकडे बघत राहिला. साऱ्या संघात एका माणसाला त्याची हाक ऐकू येत होती, आणि तो माणूस कान बंद करून उभा राहत होता.

"पुढच्या वर्षी मला बोळा नको घालायला लावू," पाच नंबर म्हणाला. बोलण्याच्या भरात त्याचं अहो-जाहो सुटलं होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "तू मागं पडून राहा. माझ्या पाठीकडे बघ. आणि गप्प राहा."